फिलाडेल्फियाला बेसबॉलची मॅच आहे आणि रविवारी पाऊस दाखवतोय, बाबांना जाऊ द्यावं का?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी, इथं अमेरिकेत राहून आलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आईबाबा सध्या ताईकडं गेलेत, ती फिलाडेल्फियाजवळ राहते. दाजींनी रविवारी दुपारी १:३५ च्या फिलीज या तिथल्या टीमच्या मॅचची तिकिटं काढलीत, सिटिझन्स बँक पार्कला, आणि आता अ‍ॅपवर रविवारी ६० टक्के पाऊस दाखवतोय तोही विजेच्या चिन्हासकट. स्टेडियमला छत नाही. ताई म्हणते रद्द करू, मागच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ओल्या पायऱ्यांवरून पाय घसरला तर परदेशात कुणाला हाक मारायची. दाजी म्हणतात पैसे परत मिळत नाहीत, पाऊस आला तर बघू. आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिला काळजी वाटतेय.

आता मी एवढा जीव का टाकतोय ते सांगतो. बाबा शाळेत पीटीचे सर होते, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातच, आणि आयुष्यभर त्यांनी मुलींची सॉफ्टबॉलची टीम बांधली. ग्लोव्ह फाटले की चांभाराकडून शिवून आणायचे, बेसच्या जागी पोत्यात माती भरून ठेवायचे, आणि तसल्या मैदानावरून पोरी राज्यस्तरापर्यंत गेल्या. पण मोठ्या लीगची मॅच त्यांनी मैदानात बसून कधी बघितली नाही. आत्ता ताईला रोज विचारतायत पिचिंग (बॅटरकडं चेंडू टाकणं) कोण करणार. परतीचं विमान पुढच्याच आठवड्यात आहे त्यामुळं नंतर कधीतरी जाऊ हे होणार नाही.

तर ६० टक्के म्हणजे किती मनावर घ्यायचं, मध्येच पाऊस आला तर मॅचचं आणि तिकिटाचं काय होतं, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन जायचं तर काय सांभाळायचं, कुणी गेलेलं असेल तर नक्की सांगा.

कराडकर_परत_गावाकडं
बरीच वर्षं न्यू जर्सीत होतो, या स्टेडियमला पुष्कळदा गेलोय. जाऊ द्या बाबांना.

आधी त्या ६० टक्क्याचं. त्याचा अर्थ दिवसातला ६० टक्के वेळ पाऊस पडणार असा नाही. तिथलं सरकारी हवामान खातं जो आकडा देतं तो एवढंच सांगतो की त्या ठिकाणी, त्या ठरलेल्या वेळात, मोजता येईल एवढा पाऊस पडायची शक्यता किती. आणि मोजता येईल एवढा म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, पाव मिलिमीटर, त्यात आपलं अंगणसुद्धा नीट भिजत नाही. किती वेळ पडेल, किती जोरात पडेल हे त्या टक्क्यात नसतंच. त्यामुळं दिवसाचा आकडा बघू नका. ताईला सांगा सरकारी खात्याच्या साइटवर स्टेडियमचा पिनकोड टाकून तासातासाचा आलेख बघायला, फुकट आहे, आणि शनिवारी रात्री बघायचा, आजचा तर नाहीच.

दुसरं म्हणजे जुलैतला तिकडचा पाऊस आपल्याकडं आत्ता लागलीय तशी झड नसतो, तो वळीव असतो. दिवसभर उकडतं, दुपारनंतर ढग चढतात, गडगडतं, अर्धा पाऊण तास झोडपून काढतं आणि परत लख्ख ऊन. हे ढग बहुतेक दुपार कलल्यावर नाहीतर संध्याकाळी फुटतात. तुमची मॅच १:३५ ला आहे हे नशीब समजा. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, त्यामुळं मॅच साधारण २ तास ४० मिनिटांत संपते, म्हणजे सव्वाचारपर्यंत बाहेर.

मॅचचं असं असतं की सुरू व्हायच्या आधी पुढं ढकलायची का हे यजमान क्लब ठरवतो, एकदा सुरू झाली की अंपायर. पाऊस वाढला की खेळ थांबवतात, इनफिल्डवर, म्हणजे बेसच्या आतल्या भागावर, ताडपत्री ओढतात, आणि थांबवल्यावर निदान अर्धा तास तरी वाट बघितल्याशिवाय मॅच सोडून देता येत नाही. बहुतेक वेळा त्याहून जास्त थांबतात, त्यात समोरची टीम त्या सीझनला परत या गावात येणार नसेल तर आणखीच थांबतात कारण नंतर तारीख सापडत नाही. नऊपैकी पाच इनिंग झाल्या, किंवा यजमान पुढं असतील तर साडेचार झाल्या, की मॅच पूर्ण धरतात आणि मग पावसानं तिथंच थांबली तरी तिकिटाचे पैसे गेले. सुरूच झाली नाही तर तिकीट नव्या तारखेला चालतं. त्या वेळी तुमचे बाबा साताऱ्यात असतील पण ताई दाजी जातील की. फक्त एक विचारा, तिकीट क्लबच्या साइटवरून घेतलंय का पुन्हा विकणाऱ्या साइटवरून, कारण पुन्हा विकणारे सहसा मॅच पुढं ढकलली म्हणून काही देत नाहीत, पूर्ण रद्द झाली तरच देतात.

विश्रामबाग_सांगली
वरचं सगळं बरोबर आहे पण विजेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पावसाला घाबरू नका, विजेला मात्र मानलंच पाहिजे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, एवढा सरळ हिशेब आहे, पाऊस डोक्यावर असायलाच पाहिजे असं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास उघड्यावर यायचं नाही. आपल्याकडं मे महिन्यात रानात झाडाखाली थांबलेली माणसं जातात ती याच्यामुळंच, म्हणून तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं विजेची सूचना देणारं दामिनी अ‍ॅप काढलंय. ते भारतासाठी आहे, तिकडं चालणार नाही, पण नियम तोच. स्टेडियममध्ये मोठ्या स्क्रीनवर सूचना देतात, ती आली की उठायचं, सामना कितीही रंगात असू दे.

आता गुडघ्याचं. घसरायची भीती पाऊस पडताना कमी आणि पाऊस सुरू होतो त्या दोन मिनिटांत जास्त, कारण अख्खी रांग एकदम उठून पायऱ्यांकडं पळते. म्हणून बाबांना कडेची सीट द्या, कठड्याच्या बाजूची. आणि नजर ढगांकडं ठेवण्यापेक्षा मैदानावरच्या लोकांकडं ठेवायला सांगा. फाऊल लाइनच्या, म्हणजे खेळाच्या हद्दीच्या रेषेच्या, बाहेर ताडपत्रीची मोठी गुंडाळी ठेवलेली असते, तिच्याभोवती ग्राउंडवाले गोळा व्हायला लागले की समजायचं, पाचदहा मिनिटांत खेळ थांबतोय. तेव्हाच हळूहळू आत जायचं, गर्दीच्या आधी. सीटमागं खाण्याच्या स्टॉलचा रुंद पॅसेज असतो, वर स्लॅब असतो, तिथं उभं राहता येतं.

छत्री नेऊ नका, मागच्याला दिसत नाही आणि बऱ्याच स्टेडियमात उघडूही देत नाहीत. बिनबाह्यांचा पातळ रेनकोट मिळतो दोनचार डॉलरला तो घ्या, गुडघ्याच्या खाली येणारा. सीट पुसायला जुना टॉवेल, मोज्यांचा एक जादा जोड, पायात पकड असलेले बूट, चप्पल नाही. तिकिटं फोनवर असतात म्हणून फोन पूर्ण चार्ज आणि पिशवीत बांधलेला. कुठली बॅग चालते ते क्लबच्या साइटवर बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी पाठीवरची सॅक आत घेत नाहीत.

मिरजेचा_पाटील
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या सासूबाईंना असंच उघड्यावरच्या एका कार्यक्रमाला नेलं होतं तिकडं, भिजल्या, रात्री ताप, आणि तिथला दवाखान्याचा खर्च काय असतो ते ज्यानं भरलाय त्यालाच माहीत. व्हिजिटरसाठी जो विमा काढतात त्यात जुनं दुखणं बऱ्याचदा धरत नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन आधीचं आहे म्हणजे तिथं पडले तर कंपनी तेच पुढं करणार. पॉलिसीचा कागद आजच काढून वाचा, मॅच नंतर. बाबांची इच्छा कळते मला, पण घरात मोठ्या टीव्हीवर चहा घेत सगळ्यांनी मिळून बघितली तर काय बिघडतं?

शाहूपुरीकर
पाटीलसाहेब राग कसला, विम्याचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ताईला फोन केला, ती कागद काढतेय. पण टीव्हीचं तुमचं पटत नाही. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागं जातो. बाबांना बघायचं असतं ते चेंडू नसतो तिथलं, म्हणजे हिट झाल्यावर सेंटर फील्डर कुठून निघाला, शॉर्टस्टॉप कुठं सरकला, कॅचर कुणाला खुणावतोय. त्यांनी मुलींना हेच शिकवलं. ते मैदानात बसल्याशिवाय दिसत नाही.

वाईची_सॉफ्टबॉलवाली
हे वाचून राहवलं नाही. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात असतात, मैदानात तळं साठायचं आणि सर लाकडाचा भुसा टाकून घ्यायचे, आम्ही त्याच चिखलात स्लाइड मारायचो. तुमच्या बाबांसारखे सर होते म्हणून आमच्यासारख्या पोरी घराबाहेर पडल्या. त्यांना पाठवाच.

आणि पाऊस आला तर ते वाया गेलं असं समजू नका. याच स्टेडियममध्ये २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना २७ ऑक्टोबरला सहाव्या इनिंगच्या मध्यात २-२ वर पावसानं थांबला, तो पुढं २९ तारखेला सुरू झाला, आणि तेवढ्या साडेतीन इनिंगसाठी लोक परत येऊन बसले. फिलीज ४-३ नं जिंकले आणि १९८० नंतर पहिल्यांदा विजेते झाले. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजला क्लीव्हलँडमध्ये शेवटच्या, सातव्या सामन्यात ९ इनिंगनंतर ६-६, आणि पाऊस आला, फक्त १७ मिनिटं. तेवढ्यात शिकागो कब्जच्या जेसन हेवर्डनं सगळ्या टीमला आतल्या व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला आणि दहाव्या इनिंगमध्ये ते ८-७ नं जिंकले, १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद. पाऊस हा त्या खेळाचाच भाग आहे, पिचरचा हात गार पडतो, थांबल्यावर बऱ्याचदा पिचर बदलावाच लागतो, तिथून सामना फिरतो. सरांना हे आपोआप कळेल.

त्यांना एवढं सांगा की सॉफ्टबॉलच्या ६० फुटांच्या बेसची सवय झालेल्या डोळ्याला ९० फूट बघितल्यावर पहिल्या इनिंगला सगळं लांब वाटतं. आणि पिचर सपाटीवर नसतो, १० इंच उंच मातीच्या ढिगावर असतो. ती माती भिजली की काय करतात ते नीट बघायला सांगा.

शाहूपुरीकर
ठरलं, जातायत. तिकिटं क्लबच्याच साइटवरची निघाली. शनिवारी रात्रीच्या आलेखात दुपारी ३ नंतर जास्त पाऊस दाखवतोय, आधी २० टक्क्यांच्या आत. कडेची सीट नव्हती, दाजी तिथं पोचल्यावर मदत कक्षात गुडघ्याचं सांगून बदलून मागणार आहेत. विम्यात जुनं दुखणं खरंच नाही, म्हणून ताईची अट आहे की गडगडलं की बाबा आत, वाद नाही, आणि बाबांनी ती कबूल केलीय.

शाहूपुरीकर
सोमवार. इकडं काल रात्री ११:०५ ला मॅच सुरू झाली, मी रडार उघडून बसलो होतो. सहाव्या इनिंगला ग्राउंडवाले गुंडाळीजवळ आले आणि दाजींनी विश्रामबाग ताईंचं ऐकून लगेच बाबांना उठवलं, सगळे पॅसेजमध्ये पोचल्यावर मग पाऊस आला. जवळपास तासभर थांबला खेळ. तिथल्या खालच्या पॅसेजमधून मैदान दिसतं, त्यामुळं बाबा कठड्याला टेकून सगळं बघत होते आणि आई दाजींबरोबर खात बसली. परत सुरू झाली, पूर्ण झाली, कुणी भिजलं नाही, गुडघा ठीक आहे.

बाबांचा लांबलचक व्हॉइस मेसेज आलाय आणि त्यात अर्धा वेळ फक्त ताडपत्री आहे. दहापंधरा माणसं एका ओळीत धरून पळतात, वारा आत शिरू नये म्हणून वाऱ्याकडची कड आधी दाबतात, काढताना साठलेलं पाणी आउटफिल्डच्या गवतात सोडतात, मातीवर नाही. मग जिथं ओल राहिली तिथं भाजलेल्या मातीचे बारीक दाणे टाकून दाताळ्यानं ओढतात, ते पाणी पितात पण भुशासारखा पायाखाली लगदा होत नाही. आता त्यांचं म्हणणं आहे की आपल्याकडं तालुका स्पर्धा ऑगस्ट सप्टेंबरात असतात तर निदान पिचरची जागा आणि होम प्लेट झाकायला काय हरकत आहे. आल्यावर जुन्या शाळेत जाऊन बोलणार आहेत. एवढं कापड स्वस्तात कुठं मिळेल, कुणाला माहिती आहे का?

कराडकर_परत_गावाकडं
वा, फार बरं वाटलं वाचून. सॉफ्टबॉलचं पिचिंग सर्कल १६ फूट व्यासाचं असतं, म्हणजे २० बाय २० ची ताडपत्री पुरते. मार्केट यार्डात कुठल्याही ताडपत्रीच्या दुकानात कडी मारून देतात. जाड घ्या, पातळ निळी पहिल्याच वाऱ्यात फाटते.

विश्रामबाग_सांगली
तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर टाकतात तो कागद पण बघा, सीझन संपला की बागायतदार जुना काढून टाकतात, मागितला तर शाळेला कुणी नाही म्हणणार नाही. माझे मामा तिकडं आहेत, विचारून कळवते. खुंट्या मात्र ठोकू नका, पोरी अडखळतील, कडेनं वाळूच्या पिशव्या ठेवा.