आमच्यानंतर कोण? विशेष मुलांसाठी वेगळी इमारत की सोसायटीतलाच फ्लॅट

कोथरूडची आई
मुलगा 31 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. मी 64. आम्ही बारा पालक पुण्याबाहेर जागा घेऊन मुलांसाठी इमारत बांधायच्या विचारात आहोत: खाली स्वयंपाकघर, वर फ्लॅट, चोवीस तास माणसं. माझा याला विरोध आहे. शहरातल्या साध्या सोसायट्यांमध्येच फ्लॅट घ्यावेत, एकेकात तिघं आणि सोबत मदतनीस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. गावाबाहेर कुठला आलाय समाज? मुलगा रोज वाण्याकडून दूध आणतो. वाणी उरलेले पैसे त्याच्या तळहातावर एकेक नाणं ठेवत मोजतो, तोही सोबत मोजतो. हे जमायला पंधरा वर्षं लागली.

फिट्सवाल्या मुलीचा बाबा
ताई, वाणी दिवसा असतो. माझ्या मुलीला फिट रात्री दोनला येते. एकटा मदतनीस न सांगता गावी गेला तर? मोठ्या इमारतीत एक रजेवर गेला तर दुसरा असतो. आणि सोसायटीचं कौतुक मला सांगू नका. मुलगी अशी आहे हे आधी का नाही सांगितलंत, म्हणून घरमालकाने टोकन परत केलंय. तिला बघून लोक लिफ्टमधून उतरतात. आपल्यासारख्यांत ती मोकळी हसते.

समाजसेविका
चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने 2015 पासून 'होम अगेन' चालवलंय. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या बायका चार-पाच जणी मिळून वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात. म्हणजे होऊ शकतं. पण मागे भक्कम संस्था आहे, नुसते दमलेले पालक नव्हेत. इमारत असो की फ्लॅट, पालकत्वाचं आधी बघा. तुमच्या मुलांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, अर्ज त्यासाठी जिल्ह्यात असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. हे राहिलं तर उद्या भाऊबंदच फ्लॅटला कुलूप लावतील.

कोथरूडची आई
बाबा, लिफ्टचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही पहिली काही वर्षं हेच होतं. रात्रीचं तुमचं म्हणणं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच सोसायटीत तीन फ्लॅट आणि तिन्हींसाठी मिळून रात्रपाळीचे दोघं, असं जमेल का? खर्च वाढेल. पण मुलाचा वाणी मी सोडणार नाही.