इम्प्लांटभोवतीचा 'दाह': सूज म्हणू, शोथ म्हणू की आणखी काही?

शब्दखुंटी
मंडळी, अडलंय. दातांच्या एका दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचं दोन पानी पत्रक मराठीत करते आहे. विषय: इम्प्लांटभोवती, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या स्क्रूभोवती, पुढे कधीतरी उद्भवणारा त्रास. त्याचं नाव पेरी-इम्प्लांटायटिस. त्याच्या आधीची पायरी, जिथं फक्त हिरडी बिघडते आणि हाड शाबूत असतं, ती म्युकोसायटिस.

गंमत म्हणून आधी संगणकाला 'गम इन्फ्लमेशन'चं मराठी विचारलं (इंग्रजीत गम म्हणजे हिरडीही आणि डिंकही). त्याने 'डिंकाची जळजळ' असं दिलं. मग स्वतः 'रोपणाभोवतीचा दाह' लिहिलं. दवाखान्याच्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, दाह वाचून लोक ॲसिडिटीची गोळी घेतील." म्हणून 'सूज' केलं आणि घरी सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या उसळल्याच. चार वर्षांपूर्वी त्यांनी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं, ते दुसरीकडे. तिथून मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं, 'सूज आल्यास भेटावे.' वर्षभर ब्रश करताना रक्त येत होतं, दुखत काहीच नव्हतं. रोज आरशात बघायच्या, सूज नाही. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा स्क्रूचे वरचे तीन आटे हाडाबाहेर आलेले. "मला सूज आलीच नाही, मग मी जायचं कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दाह म्हणजे जळजळ, सूज म्हणजे फुगवटा. दोन्ही नसताना आतून चाललेल्या या प्रकाराला काय म्हणायचं?

जुनापुराणा
शब्द तयार आहे, आपण वापरत नाही इतकंच. 'शोथ'. इंग्रजी '-आयटिस'ला तोच. मराठी विश्वकोश चाळा: अपेंडिसायटिस तो आंत्रपुच्छशोथ, मेनिंजायटिस तो मस्तिष्कावरणशोथ. ग्रीक 'पेरी' आणि संस्कृत 'परि' ही सख्खी भावंडं आहेत, अर्थही तोच, भोवतीचा. तेव्हा 'परिरोपणशोथ'. पहिल्या पायरीला 'परिरोपण श्लेष्मशोथ', दुसरीला 'परिरोपण अस्थिशोथ'. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत. 'दूरध्वनी'लाही लोक आधी हसलेच होते.

वरणभात
आणि आता दूरध्वनी म्हणतं कोण? लेटरहेडवर छापतात तेवढंच. परिरोपणशोथ ऐकून माझी आई विचारेल, कुठल्या परीला रोपलं? अपेंडिक्स दुखायला लागल्यावर 'माझं आंत्रपुच्छ' म्हणत आजवर कुणी रिक्षात बसलेलं नाही. पेरी-इम्प्लांटायटिस लिहा, खाली दोन ओळीत समजावा, मोकळ्या व्हा.

जुनापुराणा
'परि' ऱ्हस्व आहे, 'परी' दीर्घ. मातोश्रींना नमस्कार सांगा.

दातकोरणं
मी दंतवैद्य, त्यामुळे व्याकरणात पडत नाही. पण 'अस्थिशोथ' घालू नका. या आजारात हाड सुजत नाही, हाड जातं. आजूबाजूच्या मऊ भागात जंतूंशी झगडा पेटतो आणि त्यात हाड मागे मागे सरकतं. 'हाडाची सूज' लिहिलंत तर रुग्ण हनुवटी चाचपत बसेल.

शब्द ठरवायच्या आधी एक गोष्ट माहीत हवी. खरा दात हाडात घट्ट रुतलेला नसतो. बारीक तंतूंनी तो टांगलेला असतो आणि हिरडीचे तंतू त्याच्या मुळात आडवे घुसलेले असतात. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाला चिकटतो. तिथं ते टांगणारे तंतू नसतात, आणि हिरडीचे तंतू त्याला समांतर, नुसते बाजूने गेलेले असतात. कुंपण आहे, पण आडव्या पट्ट्या नाहीत. थर साचून जंतू एकदा खाली उतरले की वाट मोकळी. पहिल्या पायरीवर स्वच्छता केली तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. गेलेलं हाड मात्र आपोआप परत येत नाही. आणि हे सगळं बहुधा न दुखता चालतं. सासूबाईंचं अजिबात चुकलं नाही.

शब्दखुंटी
धन्यवाद डॉक्टर. मग हाडाचं क्रियापद सांगा. मी 'हाडाची झीज' लिहिलं होतं.

दातकोरणं
झीज गुडघ्याची. वापरून वापरून होते ती. इथं चावण्याने हाड झिजलं असा समज होईल आणि लोक त्या बाजूने चावणं सोडतील, ब्रशही सोडतील. आम्ही आपसात 'बोन लॉस' म्हणतो, पेशंटला 'हाड उतरलंय' म्हणतो.

जुनापुराणा
अस्थिशोषण.

वरणभात
हाडांचं शोषण! मोर्चा काढायचा का?

पाटीपेन्सिल
'दाह'वर इतका राग का, कळत नाही. ज्या लॅटिन शब्दावरून इंग्रजी 'इन्फ्लमेशन' आला त्याचा मूळ अर्थच 'पेटवणे' असा आहे. केल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात त्याची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब, वेदना. म्हणजे सूज चारातली एक. आपण एका लक्षणाचं नाव अख्ख्या प्रकाराला दिलं, म्हणून घोटाळा. त्यापेक्षा दाह बरा. निदान मूळ कल्पनेशी इमान राखतो.

वरणभात
केल्सस ठाण्यात दवाखाना चालवत नाही हो. मराठी माणसाला दाह कुठं होतो? पोटात, छातीत आणि उन्हाळ्यात तळपायांना. रोमन माणसाला काय वाटायचं याच्याशी सासूबाईंना काय घेणं?

उंबरठा
स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून लिहिते आहे, म्हणून या धाग्यावर माझा थोडा हक्क समजा. हे स्क्रूचे दात इथलेच. ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं एक लहान उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर ते निघेना, हाडाने धरून ठेवलेलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले.

स्वीडिश लोक हिरडीला 'तांदशॉट' म्हणतात, अक्षरशः दाताचं मांस. आणि नेहमीच्या दातांभोवतीच्या रोगाला, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात, 'तांदलॉसनिंग', म्हणजे दात सुटणं. दाह नाही, सूज नाही. रोगाने शेवटी काय होतं ते नावातच. अर्थात इम्प्लांटच्या रोगाला तेही 'पेरिइम्प्लांतीत'च म्हणतात, तेव्हा वरणभात यांनी हसायला हरकत नाही.

जुनापुराणा
उंबरठाताई, दाताचं मांस आपल्याकडे केव्हाचं आहे! सुश्रुतात हिरडीला 'दंतमांस'च म्हटलंय. दातांच्या मुळांचे पंधरा रोग दिलेत. त्यात 'दंतवेष्ट' असा एक आहे: पू आणि रक्त येतं, दात हलू लागतात. 'परिदर' म्हणून दुसरा: दंतमांस झडतं आणि थुंकीत रक्त पडतं. यात 'परि' आहे, बघा. कुणाला परी आठवली नाही.

पाटीपेन्सिल
त्या दोन्ही वर्णनांत रक्त आहे हे लक्षात घ्या. वेदनेला पहिली जागा नाही.

दातकोरणं
हे आवडलं. आम्ही आजही तेच करतो. बोथट टोकाची बारीक सळी हिरडीच्या कडेने हलक्या हाताने फिरवतो आणि रक्त येतं का बघतो. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून व्याख्या ठरवल्या (छापून आल्या २०१८ मध्ये), त्यातही दोन्ही पायऱ्यांची पहिली खूण रक्तच. दुसरीसाठी शिवाय एक्स-रेवर हाड उतरलेलं दिसायला हवं. म्हणून सांगतो, दात बसवल्यानंतरचा पहिला एक्स-रे फेकू नका. तोच पुढे ताडून बघायला लागतो.

भाकरीतुकडा
मूळ प्रश्न बाजूला ठेवून: इम्प्लांट बसवला, बसवली की बसवलं? शब्दखुंटी 'बसवलं' म्हणतात, आमच्याकडे सगळे 'बसवला'. आणि 'दंत प्रत्यारोपण' असं पेपरात छापतात ते चूक ना? प्रत्यारोपण किडनीचं. एकाचं काढून दुसऱ्याला.

दातकोरणं
चूकच. तोंडातला एक दात काढून दुसऱ्या जागी लावणं असाही उपचार आहे, प्रत्यारोपण म्हणायचं तर त्याला म्हणा. बाकी 'तो इम्प्लांट'. स्क्रू पुल्लिंगी आहे.

शब्दखुंटी
'ते इम्प्लांट'. यंत्र नपुंसकलिंगी आहे. :)

पाटीपेन्सिल
'रोपण'बद्दल कुणी बोललं नाही, मला तर तोच शब्द सगळ्यात गोड वाटतो. आयुर्वेदात व्रणाचं आधी शोधन करतात, मग रोपण. म्हणजे जखम भरून आणणं. लावणं आणि भरून येणं, दोन्ही एकाच शब्दात, कारण मुळात दोन्हीकडे 'वाढणं' आहे. इम्प्लांटला याहून नेमका शब्द कुठल्याही भाषेत नसेल.

वरणभात
शब्द गोड आहे. पण 'रोपण केलंय' म्हटल्यावर शेजारी 'कसलं, टोमॅटोचं?' असं विचारतात. आमच्या चाळीत 'स्क्रूचा दात' म्हणतात. काही 'फिक्स दात' म्हणतात, पण त्यांचा तो नुसता ब्रिज असतो, शेजारच्या दातांवर टेकवलेला.

संत्राबर्फी
टोमॅटोवरून आठवलं. काउंटरवाल्या ताईंना सांगा, संगणकाने दिलेला डिंक अगदीच वाया गेलेला नाही. आमचे बाबा काटोलकडे संत्र्याची बाग करायचे. संत्र्याला 'डिंक्या' नावाचा रोग होतो. बुंध्याची साल जमिनीलगत कुजते आणि तिथून डिंक ओघळतो. वरून झाड हिरवंगार, पाहुणे म्हणतात वा काय बाग! बाबा पाहुण्यांना सोडून खाली वाकून बुंधा बघत.

आणि संत्र्याचं झाडही बसवलेलंच असतं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतात. तो जोड मातीत बुडू द्यायचा नाही, वीतभर वर ठेवायचा, बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही. डॉक्टरांचं कुंपणाचं वाचून मला तो जोडच दिसला. डोळा जगला की आम्ही 'धरला' म्हणतो. उंबरठाताईंच्या सशाचं हाडही तेच करत होतं.

तेव्हा माझं मत: 'बुंधाकूज'.

वरणभात
+१. हा धागा वाचून पहिल्यांदाच काहीतरी समजलं.

जुनापुराणा
रुग्णाच्या तोंडाला 'कूज' म्हणणार? उद्या तो फिर्याद करेल.

दातकोरणं
खरं तर 'हाड कुजलंय' म्हटलं की लोक घाबरून तो दात काढाच म्हणतात. वेळेवर आलेल्यांचं काम बहुतेकदा साफसफाईवर भागतं. पुढे गेलं तर हिरडी उघडून स्क्रूचे आटे घासून स्वच्छ करावे लागतात. काढणं शेवटी. पण बुंधा बघायची सवय मात्र पत्रकात टाका. आधी पायोरिया होऊन गेलेले, नीट न घासणारे आणि दात बसल्यावर पुन्हा न फिरकणारे, जास्त करून यांच्याच इम्प्लांटला हा त्रास होतो.

भाकरीतुकडा
डॉक्टर, मिश्री लावणाऱ्यांचं काय? माझी आत्या तव्यावर तंबाखू भाजून रोज लावते, म्हणते हिरड्या घट्ट होतात.

दातकोरणं
घट्ट होत नाहीत. तंबाखूने हिरड्यांतलं रक्त येणं कमी दिसू शकतं, म्हणजे वर चाललेली सगळी चर्चा ज्या खुणेवर उभी आहे तीच खूण झाकली जाते. आत्यांना एकदा घेऊन या, मिश्रीची डबी घरी ठेवून.

पाटीपेन्सिल
एक शंका. इम्प्लांटभोवती जी असते ती हिरडी म्हणायची का? डॉक्टर म्हणतात तिचे तंतू वेगळे, म्हणजे शास्त्राप्रमाणे ती खरी हिरडी नव्हे.

वरणभात
आजीच्या तोंडाचं बोळकं झालं होतं, एक दात नव्हता, तरी भाकरी हिरड्यांनीच खायची. मराठीत हिरडीला दाताची गरज नाही.

शब्दखुंटी
खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. काल पत्रक देऊन टाकलं. वर 'पेरी-इम्प्लांटायटिस' ठेवलं (जुनापुराणा, रागावू नका), आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: 'बसवलेल्या दाताभोवती ब्रश करताना रक्त आलं, तर सूज किंवा दुखणं नसलं तरी या.' दाह, सूज, शोथ, तिन्ही गाळले. सासूबाईंनी वाचलं. म्हणाल्या, "हे कळलं. पण आजाराचं नाव काय ते कळलं नाही."

जुनापुराणा
तेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून.

भाकरीतुकडा
बाळाला दात येताना हिरड्या शिवशिवतात आणि गुटीत आपण बाळहिरडा उगाळतो. हिरडी हा शब्द हिरड्यावरूनच आला असणार ना?

पाटीपेन्सिल
हिरडा 'हरीतकी'वरून आला, तो रस्ता स्वच्छ आहे. हिरडीला त्यावर ढकलायचं तर पुरावा द्या. नुसता ड सारखा असून भागत नाही.

भाकरीतुकडा
पुरावा म्हणजे आमची आजी सांगायची.

संत्राबर्फी
बरं, आणि 'कवळी'? ती कुठून आली?