मदत हवी आहे: इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, प्रवेश रद्द करावा का?

मांजराकाठ
लातूरहून पुण्यात आलोय, इंजिनिअरिंगला. सीईटीला ९५ पर्सेंटाईल होते. इथं येऊन अडीच महिने झाले, पण अभ्यासच होत नाही. पुस्तक उघडून बसतो, दोन तास जातात, पान काही उलटत नाही. सगळं सोडून गावाकडं जावं आणि पुढच्या वर्षी बीएस्सीला प्रवेश घ्यावा असं वाटतंय. आता प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का? लवकर सांगा, शनिवारच्या आत ठरवायचंय.

इंद्रायणी
शाखा कोणती? कॉलेज ऑटोनॉमस की विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं? होस्टेलला आहेस की खोली घेऊन? आणि शनिवारी काय आहे?

यंत्रज्ञ
पहिल्या वर्षी लॅपटॉपची घाई करू नये. शाखेप्रमाणे कोणतं सॉफ्टवेअर लागतं ते बघून दुसऱ्या वर्षी घ्यावा. घेतलाच तर १६ जीबी रॅमचा घ्या, ८ जीबीवर कॅड अडकतं.

मांजराकाठ
लॅपटॉपचं विचारलं नाही सर. मेकॅनिकल, ऑटोनॉमस, कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन) राहतो. फीचं कुणी सांगेल का?

घाटमाथा
प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, वेळापत्रकात दिलेली असते. ती उलटली की फी परत मिळत नाही, फक्त अनामत रक्कम मिळते. अडीच महिने झालेत म्हणतोस, म्हणजे तारीख गेलेलीच असणार. तरी कॉलेजच्या प्रवेश विभागात एकदा विचार.

सांगलीकर
मूळ दुखणं भाषेचं आहे. मराठी माध्यमाच्या पोरांना पहिल्या वर्षी सगळं डोक्यावरून जातं. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतून आहेत, फुकट. आधी त्यातून समजून घे, मग इंग्रजी पुस्तक वाच.

मांजराकाठ
काका, दहावीपर्यंत मराठी होतं, पण अकरावी-बारावी इंग्रजीतूनच केली. भाषेची अडचण नाही.

सांगलीकर
असं सगळेच म्हणतात. माझा भाचाही म्हणायचा. एक धडा वाचून तर बघ.

रेवती_क
बारावीला लातुरातच होतास का? क्लास लावला होता? तेव्हाचा दिवस कसा असायचा, ते जरा सविस्तर लिही.

मांजराकाठ
हो, दोन वर्षं लातुरातच. पहाटे साडेपाचला होस्टेलचे रेक्टर उठवायचे. कॉलेज, मग क्लास, मग रात्री ११ पर्यंत अभ्यासिका. नोट्स छापून मिळायच्या. दर रविवारी टेस्ट, रात्री बाबांच्या मोबाईलवर मार्क. कुठला धडा कधी वाचायचा हे मी कधी ठरवलंच नाही, भिंतीवर कागद लावलेला असायचा. इथं एम-१ चे, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचे, सर फळ्यावर दोन गणितं सोडवतात आणि बाकीची तुम्ही करा म्हणतात. केली का, हे कुणीच विचारत नाही. पहिला महिना मला वाटलं सुट्टीच आहे.

यंत्रज्ञ
हेच ते. लातूर पॅटर्नने मुलं पाठांतराची यंत्रं झाली आहेत. स्वतः विचार करायची सवयच लागत नाही.

औसा_रोड
यंत्रज्ञ, तुमच्या गावात चांगल्या शाळा असतील. कोरडवाहू शेती असलेल्या घरांतली किती पोरं त्या पॅटर्नमुळं डॉक्टर-इंजिनिअर झाली ते येऊन बघा. मी त्यातलाच एक. पाठांतरावर सीईटी निघत नाही.

यंत्रज्ञ
निकालाबद्दल नाही, पुढचं बोलतोय. काठी काढून घेतली की मूल पडतं.

औसा_रोड
मग काठी काढून घेणाऱ्या कॉलेजनं चालायला शिकवावं की. आल्या आल्या तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम असतो, त्यात भाषणं सोडून काय होतं?

इंद्रायणी
दोघं नवीन धागा काढा ना. मांजराकाठ, शनिवारचं अजून सांगितलं नाहीस. जेवण-झोप कशी आहे?

मांजराकाठ
शनिवारी पालक सभा आहे. मिडसेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) एम-१ मध्ये ३० पैकी ७ पडले. तेव्हापासून तीन आठवडे कॉलेजला गेलो नाही. बाबांना माहीत नाही. त्यांनी फीसाठी आडत्याकडून उचल घेतली आहे. पहाटे चारपर्यंत जागा असतो, मेसला दिवसातून एकदाच जातो.

रेवती_क
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, पण लिहिलंस ते बरं झालं. मी अकरा वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते. मिडसेमला ७ मिळालेली मुलं एंडसेमला पास होताना दरवर्षी बघते. मला मार्कांपेक्षा हजेरीची काळजी वाटते. ती ७५ टक्क्यांखाली गेली तर टर्म ग्रँट, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, अडकू शकते, आणि एकदा असा डिटेन झालास की गणित येऊनही उपयोग नाही. म्हणून उद्या सकाळी आधी तुझ्या जीएफएमना, म्हणजे तुला नेमून दिलेल्या पालक-शिक्षकांना, भेट. इथं लिहिलंस तेच त्यांना सांग, कारणं रचू नकोस. पालक सभेच्या आत त्यांना तुझ्याकडून कळलं तर सभेत ते तुझ्या बाजूनं बोलू शकतील.
अभ्यासाचं म्हणशील तर भिंतीवरचा कागद परत लाव, फक्त या वेळी तो तू लिही. दर रविवारी जुन्या पेपरमधले तीन प्रश्न घड्याळ लावून सोडव आणि रूममेटला तपासायला दे, त्याचे तू तपास. पार्शल डिफरन्सिएशनपासून सुरुवात कर, मॅट्रिक्स नंतर घेतलं तरी चालेल. आणि एका जागी दोन तास बसू नकोस, ४० मिनिटं पुरेत.

इंद्रायणी
झोपेचं अंगावर काढू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. आजच लाव. आणि बाबांना सभेआधी फोन कर. दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल.

घाटमाथा
बीएस्सी करायचीच असेल तर पुढच्या जूनमध्येही करता येईल. फी गेलेलीच आहे, मग निदान हे सेमिस्टर तरी पुरं कर.

सांगलीकर
ई-कुंभचं बघितलंस का?

मांजराकाठ
जीएफएम मॅडमना भेटलो. हजेरी ६१ टक्के आहे. आजपासून एकही तास चुकवायचा नाही असं म्हणाल्या, मग बघू म्हणाल्या. रात्री १४४१६ ला फोन केला, वीस मिनिटं बोललो. बाबांनाही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येतो.
रेवती ताई, जुने पेपर लायब्ररीत फक्त तीन वर्षांचे मिळाले, पुरतील का? आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या (ड्रॉइंगच्या) चार शीट राहिल्यात, त्या आधी करू की एम-१?