तटरक्षक दलाला पैसा मिळतोय, पण समुद्रात हुकूम कोणाचा?

सागरमैल (धागा सुरू करणारा)
२०२५-२६च्या अर्थसंकल्पात तटरक्षक दलाला ९,६७६.७० कोटी रुपये मिळाले. भांडवली खर्च ३,५०० कोटींवरून ५,००० कोटींवर गेला. जहाजं, हेलिकॉप्टर येतील, उत्तमच. पण कायदा १९७८चाच. कलम १४ मध्ये कर्तव्यांची यादी आहे: तेलफलाट सांभाळा, मच्छीमारांना मदत करा, प्रदूषण रोखा, कस्टम्सला साथ द्या. २६/११नंतर २००९ मध्ये नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस यांच्यात जबाबदारीची वाटणी झाली, ती सरकारी निर्णयाने. संसदेच्या कायद्याने नव्हे. गेटवेवर उभं राहून बघा. बंदराची हद्द पोर्टाची, लाँचचा परवाना मेरीटाईम बोर्डाचा, मासेमारी बोटीचा मत्स्यव्यवसाय खात्याचा, मालवाहू जहाज नौवहन महासंचालनालयाचं, गुन्हा घडला की येलो गेट पोलीस ठाणं. २०१३चा किनारी सुरक्षा विधेयकाचा मसुदा कायदा झालाच नाही. तो बाहेर काढून एकच कायदा करा.

ओहोटी
साफ असहमत. १८ डिसेंबर २०२४ला मुंबईत नीलकमल या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, ती दुर्घटना घ्या. परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा, बोटीवर शंभराहून जास्त माणसं. त्यात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट लाँचच्या वर्दळीच्या वाटेत. यातलं काय नवीन कायद्याविना अडलं होतं? धक्क्यावर डोकी मोजायला एक शिपाई आणि चाचण्यांसाठी वेगळं पाणी, एवढंच लागतं. लाइफ जॅकेट सक्तीचं झालं, पण ते बांधायचं कुठे हे कोणी सांगत नाही. बंदिस्त खालच्या डेकवर पाणी शिरलं की फुगीर जॅकेट माणसाला छताला दाबून धरतं. बसायची जागा उघड्यावर आणि जॅकेट बोटीत पाय ठेवण्याआधी अंगात, हा क्रम हवा. तो परिपत्रकातही मावतो.

सागरमैल
लाँचपुरतं मान्य. पण मे २०२१चं तौक्ते चक्रीवादळ आठवा. बार्ज पी-३०५, म्हणजे तेलक्षेत्रातल्या कामगारांची तरंगती वस्ती, त्यावर २६१ माणसं, मुंबईजवळच्या समुद्रातल्या हिरा तेलक्षेत्राजवळ. चक्रीवादळाचे इशारे आधीच आले होते, तरी बार्ज जागीच. १७ तारखेला नांगर तुटले आणि बार्ज बुडाली. इशारा देणं वेगळं आणि ‘बंदरात या, नाहीतर कारवाई’ असा हुकूम देणं वेगळं. कलम १४ मध्ये समुद्रातल्या जिवांची काळजी कर्तव्य म्हणून आहे, पण कोणत्या जहाजाला कधी हलवायचं याचा स्पष्ट अधिकार कुठे आहे?

कलमबहाद्दर
त्याच कायद्याच्या कलम १२१ मध्ये. केंद्र सरकार राजपत्रातल्या आदेशाने दलाच्या सदस्यांना दुसऱ्या केंद्रीय कायद्याखालचे अधिकार देऊ शकतं. कायद्यात दार आहे हो, कडी काढायचा प्रश्न आहे. उलट अख्खा नवा कायदा आणलात तर पोलीस हा राज्याचा विषय म्हणून किनारी राज्यं हरकत घेणार आणि पाच वर्षं बैठकांत जाणार.
आणि कायद्याची महती गाताना २०११ विसरू नका. ओमानजवळ सोडून दिलेलं पवित नावाचं जहाज थेट जुहूला येऊन लागलं, कोणाला पत्ता नाही. त्यानंतर कायदा नव्हे, ४६ ठाण्यांची रडारसाखळी उभी राहिली. तिनेच फरक पडला.

डिझेल_मीटर
सगळे अधिकारांवर भांडताय, हिशेब कोणी मांडत नाही. ९,६७६.७० मधून ५,००० गेले की ४,६७६.७० उरतात. पगार, इंधन, दुरुस्ती त्यातच. सागरी पोलिसांची अवस्था आणखी बिकट: १२ टनी आणि ५ टनी बोटी केंद्राच्या योजनेतून आल्या, पण त्या चालवायचा भार राज्यांवर. बंदराच्या पाण्यात प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे थंडाव्याच्या पाण्याच्या गाळणीत अडकतात, पंपाची रबरी चकती जळते, इंजिन तापून बंद. गाळणी साफ करायला पंधरा मिनिटं, चकती बदलायला तासभर. पण सुटा भाग मागवायला निविदा, आणि तोवर बोट धक्क्याला. बोट घेतानाच दहा वर्षांच्या देखभालीचा करार आणि सुट्या भागांचा संच त्याच मंजुरीत बांधला तर निम्मी भांडणं संपतील.

मढचा_तांडेल
आमच्या बाजूचंही कोणी बोला. २० मीटरखालच्या बोटींना ट्रान्सपाँडर सरकार फुकट देतंय, बोटीचं ठिकाण कळवणारं इस्रोचं यंत्र, दोन्ही बाजूंनी संदेश जातो. चांगलं आहे. पण त्याच यंत्रावर पाळत आणि त्याच यंत्रावर मदत, हे खपत नाही. जाळं कुठे टाकलं हे शेजारच्या नाखव्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी तिथे दहा बोटी. बंद केल्यास दंड, असं कलम आलं की यंत्र ‘बिघडलेलं’ असणार.
संकटसंदेशाचं बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर बोलतं, संदेश बेंगळुरूहून मुंबईच्या बचाव समन्वय केंद्रात येतो. पण बोट विकली आणि नोंदणीतलं नाव बदललं नाही, तर फोन जुन्या मालकाला जातो आणि तो म्हणतो, आम्ही घरीच आहोत. बोट बुडाल्यावर बीकन सोडणारा पाण्याच्या दाबाचा खटका दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. एवढं सगळं करूनही प्रसंगी लोक आधी गावात फोन लावतात, तटरक्षक दलाच्या १५५४ला नाही.

सागरमैल
ठीक, ‘एकच कायदा’ मागे घेतो. दोनच गोष्टी राहिल्या. कलम १२१ खाली वादळाच्या ठराविक इशाऱ्यानंतर बार्ज आणि तेलक्षेत्रातली जहाजं हलवण्याचा हुकूम. आणि ट्रान्सपाँडरवरची ठिकाणं फक्त समन्वय केंद्रापुरती, बाकी खात्यांना नाही.

कलमबहाद्दर
पहिलं चालेल. हुकूम मोडल्यावर दंड मालकाला, की बार्ज भाड्याने घेणाऱ्या ठेकेदाराला, हे आधी लिहा. पी-३०५च्या वेळी सगळ्यांत आधी हाच वाद सुरू झाला.

मढचा_तांडेल
दुसऱ्याला आमचा होकार, पण लेखी.