शर्यतीच्या जीपसाठी स्टीअरिंग: बॉक्स ठेवावा की पूर्ण हायड्रॉलिक करावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही भडगावचे तिघे मित्र वर्षभरापासून एक जुनी महिंद्रा एमएम ५४० ऑफ-रोड शर्यतीसाठी तयार करत आहोत. पुढचा अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) तसाच ठेवला आहे. मात्र कमानपाटे काढून कॉइल स्प्रिंग, लिंक आणि पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा, चासी आणि अ‍ॅक्सल जोडणारा आडवा दांडा) बसवल्यामुळे पुढची चाके आता सुमारे २५० मिलिमीटर खालीवर होतात.

गिरणेच्या कोरड्या पात्रात गोट्यांवरून ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेलो, की आम्ही काहीही न करता स्टीअरिंग आपोआप वळू लागते. मागच्या रविवारी तर चाक दगडावर आदळताच स्टीअरिंगने असा झटका दिला, की आऱ्यात अडकलेला माझा अंगठा टम्म सुजला. (अंगठे आत घालू नयेत, हे वडील ट्रॅक्टर शिकवताना सांगत असत.) मोजून पाहिले तेव्हा पॅनहार्ड रॉड जवळजवळ आडवा, तर ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) चांगलीच उतरती आणि त्याहून १८ सेंटिमीटर आखूड निघाली. दोन्हींची टोके वेगवेगळ्या कमानीत फिरत असल्याने हा दोष येतो, एवढे आम्हाला समजले.

गॅरेजवाले म्हणतात, स्टीअरिंग बॉक्सला (स्टीअरिंगचे फिरणे दांड्यांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीला) भोके पाडून तेलाच्या दोन वाटा काढा आणि टाय रॉडवर (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्यावर) मदतीचा सिलिंडर लावा. माझा ओढा मात्र बॉक्स, ड्रॅग लिंक सगळे काढून ट्रॅक्टरचा १६० सीसीचा ऑर्बिट्रोल (स्टीअरिंगच्या दर फेऱ्याला तेवढे तेल सिलिंडरकडे सोडणारा झडप-पंप) बसवण्याकडे, म्हणजे चाके फक्त तेलाच्या दाबाने वळवणाऱ्या पूर्ण हायड्रॉलिककडे आहे. जीप शर्यतीला ट्रकवर लादूनच नेणार असल्याने रस्त्यावरच्या कायद्याचा प्रश्न येत नाही. जुन्या बाजारात ६३ मिलिमीटर बोअर (आतला व्यास), ३६ मिलिमीटर दांडा आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकचा (दांड्याच्या सरकण्याचा) सिलिंडर मिळाला आहे, पण त्याचा दांडा एकाच बाजूने बाहेर येतो. तो चालेल का? आणि वेगात असताना या पद्धतीवर भरवसा ठेवता येईल का?

प्रतिसाद (धुळे):

भाऊ, तो सिलिंडर घेऊ नका. त्याचा दांडा बाहेर काढायला ६२३ सीसी तेल लागेल आणि आत घ्यायला ४२०. म्हणजे स्टीअरिंग एका दिशेला ३.९ फेरे आणि दुसऱ्या दिशेला २.६ फेरे फिरेल. घाईच्या वळणावर हा फरक हातांना लक्षात ठेवता येत नाही. याच मापाचा, पण दोन्ही बाजूंनी दांडा असलेला सिलिंडर घेतल्यास दोन्हीकडे २.६ फेरेच लागतील. सेकंदाला दीड फेरा फिरवायचा असेल तर पंपाने मिनिटाला १४.४ लिटर तेल दिले पाहिजे, आणि तेही इंजिन मंद फिरत असताना.

गॅरेजवाल्यांच्या उपायाने झटका बराच कमी होईल, पण ड्रॅग लिंक तशीच राहत असल्याने आपोआप वळणे थांबणार नाही. पूर्ण हायड्रॉलिकमध्ये सिलिंडर अ‍ॅक्सलवरच असतो, म्हणून तो दोष मुळातच उरत नाही. कॅलिफोर्नियात २००७ पासून होणाऱ्या 'किंग ऑफ द हॅमर्स' या ऑफ-रोड शर्यतीमध्ये अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्या याच पद्धतीवर वाळवंटात वेगानेही पळतात. मात्र ट्रॅक्टरचा ऑर्बिट्रोल बहुधा स्टीअरिंग स्वतःहून सरळ करत नाही आणि होज (तेलाची नळी) फुटला तर हातात काहीच उरत नाही.

माझे मत विचाराल, तर आधी पॅनहार्डची अ‍ॅक्सलकडची बाजू खाली घेऊन तो ड्रॅग लिंकला समांतर करा आणि दोघांची लांबी जुळवा. हे वेल्डिंगचे दोन दिवसांचे काम आहे. त्यानंतर पुन्हा गिरणेत उतरा, आणि तरीही अंगठा दुखला तर ऑर्बिट्रोलचे बघू.