तार 'बझ' मारते, तर मराठीत ती नेमकं काय करते?

नौपाड्याचा_खर्ज
मामेभाऊ साताऱ्याला असतो. त्याने माझ्यासारखीच चार तारांची बास गिटार घेतली आहे आणि तिच्यातला दोष घरच्या घरी कसा काढायचा ते मी त्याला मराठीत लिहून पाठवतोय. पहिल्याच वाक्याला अडलो. आम्ही वाजवणारे सगळे 'तार बझ मारते' म्हणतो. मी लिहिलं, 'तारेला जवारी येते.' आई शेजारी बसली होती. ती तीस वर्षं तंबोऱ्यावर गाते. म्हणाली, "जवारी यावी म्हणून आम्ही घोडी पुन्हा पुन्हा घासून घेतो आणि तू तिला आजार म्हणतोस?"
आवाज असा आहे: सगळ्यांत जाड तार, ई ची, मोकळी छेडली तर स्वच्छ. पहिल्या ते पाचव्या पडद्यावर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबली की सुरामागून पत्रा हलल्यासारखा 'झर्र' येतो. बाराव्याच्या पुढे परत स्वच्छ. त्या 'झर्र'ला नाव हवंय.

मिरजेची_माहेरवाशीण
आईंचं शंभर टक्के बरोबर. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, माथ्यावर रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिला चाटत हलते आणि सूर खुलतो, तीच जवारी. ते मुद्दाम साधलेलं असतं. तुमची तार आपटतेय. सतारीची तार अशी पुढच्या पडद्यावर आपटली की माझे वडील 'तार कटकटते' म्हणायचे. तेच लिहा.

नेरूळ_सेक्टर
कटकट सुटी सुटी असते हो, हा आवाज सलग आहे. मी शब्द एकेक करून लावून पाहिले. भुणभुण डासाची, गुणगुण भुंग्याची, करकर दाराची, खरखर रेडिओची नाहीतर घशाची, झणझण रश्श्याची. प्रत्येकाला आधीच मालक आहे. म्हणून 'बझ'च ठेवावा.

शब्दनिष्ठ
तीव्र असहमत. ज्या भाषेत झणत्कार, रुणझुण आणि खणखणाट आहे तिला एका आवाजासाठी उसनवारी करावी लागू नये. आज बझ, उद्या पडद्याचा फ्रेट, घोडीचा ब्रिज.

नेरूळ_सेक्टर
पडदा फारसीतून आला. सतारसुद्धा फारसी सेहतार, म्हणजे तीन तारांची. आपण ते शब्द घेतले, वापरून गुळगुळीत केले आणि आज तुम्ही त्यांचीच राखण करताय. बझलाही तेवढा वेळ द्या.

शब्दनिष्ठ
तेव्हा आपल्याकडे त्या वस्तूला शब्द नव्हता म्हणून घेतले. आवाज तर आपल्या कानांना आधीपासून होते.

मिरजेची_माहेरवाशीण
पडद्यावरून आठवलं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे ठोकून बसवलेले. मला तिथे 'पडदा' कानाला खटकतो, पण दुसरा शब्द सुचवणार नाही. मूळ दोष कशाने आला ते तरी कळू द्या.

नौपाड्याचा_खर्ज
चूक माझीच. जुलैत हवा दमट होती, लाकूड फुगून नेक, म्हणजे गिटारचा दांडा, पुढे वाकली आणि तारा उंच झाल्या. मी नेकच्या आतला, तिचा बाक कमीजास्त करणारा रॉड आवळून टाकला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, नेक मागे गेली आणि आवळलेल्या रॉडमुळे पार सपाट झाली. ई ची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते, तिचा झोला मोठा. तेवढी जागाच उरली नाही.
तपासायचं असं: तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या पडद्याशी डोळा लावायचा. मध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे साधारण ०.३ मिमी फट हवी. माझी तार तिथे टेकलेली होती. अ‍ॅलन कीने रॉड फक्त पाव फेरा सैल केला, तारा पुन्हा सुरात लावल्या, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी कार्ड अलगद सरकलं. एका दमात जास्त फिरवायचं नाही, हे भावाला दोनदा लिहिलंय.
नुसत्या मोकळ्या तारेतच आवाज असता तर नटची (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा जिच्यातून जातात ती पट्टी) खाच खोल गेलीय असं समजलो असतो. बाराव्याच्या पुढे असता तर मागचे सॅडल, म्हणजे तारांचे दुसऱ्या टोकाचे टेकू, उचलले असते. सतराव्या पडद्यावर जाड तार २ ते २.५ मिमी वर असली की माझं भागतं.

घोडबंदरकर
सोपं करा ना. 'तार पडद्याला लागते.'

नौपाड्याचा_खर्ज
तेच लिहिलं होतं. आईने खोडलं. तिच्या लेखी तार लागली म्हणजे सुरात आली. दोष सांगायला तो शब्द वापरायचा नाही, म्हणाली.

शब्दनिष्ठ
आई भाषा जपतायत. 'तार झरझरते' घ्या, नवं क्रियापद रूढ करू.

नेरूळ_सेक्टर
झरझर पाऊस पडतो, झरझर लिहिलं जातं. तार नाही.

गडहिंग्लजचा_ठाणेकर
आमच्याकडे जवारी म्हणजे गावरान. जवारी मिरची, जवारी कोंबडी. तंबोऱ्याची जवारीही तिथूनच आली असणार, असं मला नेहमी वाटतं. अस्सल, मातीतला आवाज.

मिरजेची_माहेरवाशीण
नाही पटत. घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात त्याला जीव म्हणतात. जवारी त्या जीवातून आली, असं आमच्या घरात धरलं जायचं.

घोडबंदरकर
मी जव, म्हणजे सातूच्या दाण्यावरून ऐकलंय. आणि तो दोरा सुती घ्यायचा की रेशमी? घरात एक तंबोरा मुका पडून आहे.

मिरजेची_माहेरवाशीण
सुती घ्या. प्रत्येक तारेला वेगळा. तार छेडत राहायची आणि दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत राहायचा. एका जागी आवाज एकदम रुंद होतो. तिथे हात काढून घ्या. तंबोरा कुठल्या बनावटीचा आहे?