जुने डाग सोन्याचेच आहेत का, घरी कसं बघावं?

उदगीरवाला
नमस्कार मंडळी. घरात जुने डाग आहेत : दोन पाटल्या, लाखेची बोरमाळ आणि एक डोरलं. पावती नाही, शिक्का नाही. सराफ्यात नेण्याआधी पितळ तर नाही ना, एवढं तरी घरी बघायचंय. लोहचुंबक लावलं, काहीच चिकटलं नाही, फक्त डोरल्याचा फासा ओढला गेला. एक पाटली १५ मिनिटं व्हिनेगरमध्ये ठेवली, रंग बदलला नाही. म्हणजे सोनं धरायचं का? ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घरी आहे.

तोळामासा
नाही भाऊ, एवढ्यावरून धरू नका. पितळ, तांबं, चांदी यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चुंबकानं लोखंड, निकेल असे मोजके धातूच पकडले जातात. फाशाच्या आत पोलादी स्प्रिंग असते, त्यामुळे अस्सल डागाचा फासाही ओढला जातो, त्याची काळजी नको. व्हिनेगर, लिंबू या गोष्टी जाड मुलाम्यापुढं काहीच सांगत नाहीत.

काटा आहे ना, मग पाण्यातलं वजन घ्या. पाटलीसारख्या भरीव डागाला घरी करण्यासारखी हीच एक भरवशाची परीक्षा आहे.

आधी काटा तपासा. दहा रुपयांचं न झिजलेलं नाणं ७.७१ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. मग पाटली साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुऊन पूर्ण कोरडी करा आणि कोरडं वजन लिहून ठेवा. आता प्लास्टिकचा हलका पेला घ्या (स्टीलचा घेतला तर २०० ग्रॅमचा काटा तिथंच संपतो), त्यात पाटली पूर्ण बुडेल एवढं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. पाटली बारीक शिलाईच्या दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबकळत धरा. ती तळाला किंवा कडेला टेकली तर सगळा हिशोब चुकतो. हात स्थिर राहत नसेल तर दोन डब्यांवर पट्टी आडवी ठेवून दोरा तिला बांधा. काटा आता जो आकडा दाखवेल, त्यानं कोरड्या वजनाला भागा. डाग तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या किती पट जड आहे, ते कळतं.

२२ कॅरेटला उत्तर साधारण १७.५ ते १८ येतं, १८ कॅरेटला १५ ते १६, १४ कॅरेटला १३ ते १४.३. चांदी १०.५, पितळ साडेआठच्या आसपास. प्रत्येक कॅरेटला एकच आकडा नसतो, कारण मिसळलेलं तांबं किती आणि चांदी किती यावर तो हलतो.

बोरमाळ मात्र या पाण्यात घालू नका.

उदगीरवाला
केलं. पहिली पाटली कोरडी २३.४२, पाण्यात १.३३. दुसरी २१.८६, पाण्यात १.५८. दिसायला दोन्ही सारख्याच आहेत.

कसोटी_परभणी
पहिलीचं उत्तर १७.६. बावीसच्या पट्ट्यात बसते. पितळावर मुलामा असता तर हा आकडा येणं शक्यच नाही.

दुसरी १३.८. ही काट्याची चूक नव्हे : पहिलीसारखी असती तर पाण्यात १.२४ दिसायला हवं होतं. फरक ०.३४ चा, म्हणजे वाटाण्याएवढी हवा. नक्षीत अडकलेले बुडबुडे एवढे नसतात. तरी पाण्यात हलवून, झटकून पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर तीन शक्यता उरतात : पाटली आतून पोकळ आहे, सोनं चौदाच्या घरातलं आहे, किंवा आत चांदी आणि वर सोन्याचा पत्रा आहे. पोकळ असेल तर भिंगातून आतल्या बाजूला झाळीची रेघ किंवा बारीक भोक सापडतं. बाकी दोन्हींत घरी फरक करता येत नाही.

त्यासाठी सराफाकडे कस लावायला सांगा, पण पृष्ठभागावर नाही. आतल्या कडेला कानशीनं जरा खोल घासून मग कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची, शेजारी माहितीतल्या २२ कॅरेटची रेघ, आणि दोन्हींवर तेजाब. हलक्या सोन्याची रेघ आधी फिकी पडते किंवा पुसून जाते. नुसतं वरवर घासलं तर पत्र्याचाच कस लागतो. दुकानातल्या कॅरेट मशीनचंही तेच, ते वरचा पातळ थरच वाचतं.

नायट्रिक ॲसिड आणून घरी प्रयोग करू नका, अशी कळकळीची विनंती. पितळावर पडलं की तपकिरी वाफा निघतात, त्या फुप्फुसाला घातक असतात. त्यात साधं नायट्रिक १८ आणि २२ मधला फरक दाखवतही नाही.

लाखेचा_मणी
बोरमाळेबद्दल. मण्यावर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. पाण्यातल्या वजनाला ती पितळापेक्षाही हलकी भरेल, म्हणून खोटी समजू नका. कानस लावली तर पत्रा फाटतो, आच किंवा उकळतं पाणी लागलं तर लाख मऊ होऊन मणी चेपतो. घरी एवढंच करा : दोरा जिथून जातो त्या भोकाची कड दहापट भिंगाखाली बघा. तिथं झीज सगळ्यात जास्त. तांबूस धातू उघडा पडलेला किंवा हिरवा कळंक दिसला तर मुलामा आहे. कड पिवळीच असेल तर चांगली खूण, पण पुरावा नव्हे.

मोडायचीच असेल तर अख्खी माळ अंदाजानं देऊ नका. एक मणी काढून समोर लाख जाळायला सांगा. समजा मणी ०.४२ ग्रॅमचा होता आणि पत्रा ०.१८ उरला, तर ४८ मण्यांत सोनं ८.६४ ग्रॅमच, माळ वीस ग्रॅम भरली तरी. कस त्या उरलेल्या पत्र्याचा लावायचा. डोरल्याचंही तसंच : काळे मणी आणि दोरा काढून वाट्या वेगळ्या तोला, पुष्कळदा त्यांतही लाख असते.

तोळामासा
शिक्का नाही म्हणून डाग खोटा ठरत नाही. सोन्याचं हॉलमार्किंगच आपल्याकडे २००० साली सुरू झालं, आणि सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक डागाचा वेगळा क्रमांक) जुलै २०२१ पासून. उलट बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) त्रिकोणी खुणेशिवाय नुसतं ९१६, म्हणजे २२ कॅरेटचा आकडा, ठोकलेलं असेल तर त्यावर विसंबू नका.

दुसऱ्या पाटलीसाठी थेट हॉलमार्किंग केंद्रात जा. बिगरशिक्क्याचे डाग सामान्य गिऱ्हाइकालाही तिथं तपासून मिळतात. चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५, वर कर. लेखी अहवाल मिळतो. पाटल्या एकत्र देऊ नका, प्रत्येकीचा अहवाल वेगळा घ्या आणि केंद्रात टाकण्याआधीचं वजन त्यांच्याच काट्यावर लिहून घ्या.